लिपी एक, भाषा दोन

दिवाळी जवळ आली की आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन याद्या तयार होतात. एक फराळाची. ती दरवर्षी तीच असते, आणि दरवर्षी नव्याने वादविवाद करूनच लिहिली जाते. दुसरी यादी 'आता हे बदलायलाच हवे' अशा वस्तूंची. पूर्वी या दुसऱ्या यादीत गळका स्टोव्ह, विरलेली सतरंजी आणि माळ्यावरचे गंजलेले पिंप असायचे. अलीकडे तिथे लॅपटॉपने ठाण मांडले आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मोठ्या कौतुकाने आणलेला, हळदकुंकू वाहिलेला हा लॅपटॉप आता कळ दाबल्यापासून जागा होईपर्यंत इतका वेळ घेतो, की तेवढ्यात चहा उकळून, गाळून, पिऊनसुद्धा होतो. मग घरात दोन पक्ष पडतात. 'नवा घ्या' हा मुलांचा पक्ष, आणि 'चालतोय ना अजून?' हा यजमानांचा. नव्याला चाळीस-पन्नास हजार पडतात, म्हणून निर्णय पुढच्या दिवाळीवर जातो.

अशा वेळी शेजारचा एखादा जाणकार जिन्यात उभ्या उभ्या सल्ला देतो, "अहो, एसएसडी टाका. मशीन पळायला लागेल." हा सल्ला चांगला आहे, पण अर्धाच आहे. 'लग्न करा' हा सल्लाही चांगलाच असतो. खरा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. कोणती एसएसडी? बाजारात गेले की दुकानदार उलट विचारतो, "साटा की एनव्हीएमई? एम डॉट टू आहे का तुमच्यात? जेन थ्री की फोर?" आणि ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना समास सोडवून दाखवले, तोही तिथे मुकाट उभा राहतो.

मी मराठी शिकवते. यंत्राच्या गोष्टीत मराठीच्या बाईंनी तोंड का घालावे, असे काही वाचकांना वाटेल. पण या प्रकरणात पाहिले तेव्हा माझी खात्री झाली, की इथला बराचसा गोंधळ यंत्राचा नसून शब्दांचा आहे. दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात, एका गोष्टीला दोन नावे देतात, आणि त्या घोळात तीन-चार हजार रुपये पाण्यात जातात. शब्दांचा घोळ सोडवणे हा तर आमचा पोटापाण्याचा धंदा!

आधी मुळातच लॅपटॉप मंद का होतो ते पाहू. जुन्या लॅपटॉपात जी हार्ड डिस्क असते, ती आपल्या आजोबांच्या ग्रामोफोनची धाकटी बहीण समजा. आत तबकडी फिरते आणि सुईसारखे एक डोके तिच्यावरून पुढेमागे सरकून मजकूर वाचते. हे घराणे जुने आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिले असे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्यात चोवीस-चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. आज तबकडी तळहाताएवढी झाली आणि तिच्यात ग्रंथालये मावतात, पण चाल तीच राहिली. लॅपटॉपातली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवे ते अक्षर डोक्याखाली येईपर्यंत थांबायचे, मग दुसरीकडे सरकायचे, पुन्हा थांबायचे. संगणक सुरू होताना असे हजारो लहान लहान तुकडे तबकडीभर हिंडून गोळा करावे लागतात. एकेकाला दहा-पंधरा मिलिसेकंद म्हटले, तरी तुमचा चहा होतो.

एसएसडीत तबकडी नाही, डोके नाही, फिरणारे काहीच नाही. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून मजकूर ठेवलेला असतो. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही 'फ्लॅश' स्मृती शोधून काढली, आणि तिचा आज सर्वत्र वापरला जाणारा 'नँड' हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला. इथे कोणत्याही कप्प्यापर्यंत पोचायला मिलिसेकंदाचा लहानसा अंश पुरतो. शंभरपटीचा फरक आहे तो इथे. म्हणून जुन्या लॅपटॉपात एसएसडी बसवली की तो खरोखरच कात टाकल्यासारखा होतो. तेव्हा शेजारच्या जाणकाराचे चुकलेले नाही.

आता शब्दांकडे वळू. 'एम.२' आणि 'एनव्हीएमई' हे शब्द दुकानात, जाहिरातींत आणि मुलांच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. ते समानार्थी मुळीच नाहीत. एम.२ हे आकाराचे नाव आहे. च्युइंगमच्या वडीसारखी एक पातळ पट्टी आणि ती जिच्यात शिरते ती खोबण, एवढेच ते नाव सांगते. साटा आणि एनव्हीएमई ही मात्र बोलण्याच्या पद्धतींची नावे आहेत. साठवणीची पट्टी आणि लॅपटॉप एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, ते या नावांवरून कळते.

म्हणजेच एम.२ ही लिपी आहे. साटा आणि एनव्हीएमई या भाषा आहेत. देवनागरीत मराठी लिहितात, हिंदी लिहितात, नेपाळीही लिहितात. नेपाळी वर्तमानपत्र हातात पडले तर अक्षरन् अक्षर आपल्याला वाचता येते, पण अर्थ लागेलच असे नाही. एम.२ पट्टीचेही तसेच आहे. एकाच आकाराच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवा. एक साटा बोलणारी असू शकेल, दुसरी एनव्हीएमई. उलट, एकच भाषा दोन लिपींतही असते. आपल्या पणजोबांची खतपत्रे मोडीत आहेत आणि आपण देवनागरीत लिहितो, पण भाषा मराठीच. तशी साटा ही भाषा अडीच इंची चपट्या डबीतही भेटते आणि एम.२ पट्टीतही भेटते. डबी दिसायला जुनी, पट्टी नवी, पण बोलणे तेच आणि वेगही तोच.

हा भेद कळला नाही तर काय होते, त्याची हकीकत सांगते. २०२५ च्या जून महिन्यात माझी एक एम. ए. ची विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचा लॅपटॉप मामेभावाकडून आलेला, २०१८ सालचा. प्रबंधिका सादर करायला तीन आठवडे उरलेले. विषय जात्यावरच्या ओव्यांचा, आणि त्यातल्या बऱ्याचशा ओव्या तिने आपल्या आजीच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून घेतलेल्या. आजी आदल्या वर्षी गेली होती. लॅपटॉप अलीकडे फार अडकतो आणि आतून खर्र असा आवाज करतो, म्हणून शिकवण्यांच्या पैशांतून तिने ३४०० रुपयांची एसएसडी आणली होती.

"मॅडम, पट्टी बरोबर बसली," ती म्हणाली. "स्क्रूसुद्धा लागला. पण लॅपटॉपला ती दिसतच नाही. पट्टी खराब आहे का?"

"दुकानात काय सांगून मागितलीस?"

"एम डॉट टू द्या म्हटलं. आमच्यात एम डॉट टूची जागा आहे, असं भावानं सांगितलं होतं."

पट्टी खराब नव्हती. लॅपटॉपही बिघडलेला नव्हता. त्याच्यात एम.२ ची खोबण होती खरी, पण ती फक्त साटा बोलणारी होती, आणि पट्टी होती एनव्हीएमई. दोघे एका बाकावर शेजारी बसले होते नि एकमेकांचा शब्द कळत नव्हता. दुकानदाराने मागितले ते दिले होते. पुडा फोडलेला असल्यामुळे तो परत घ्यायला मात्र त्याने नकार दिला.

पण पट्टीपेक्षा मला त्या खर्र आवाजाची जास्त काळजी वाटली. तबकडीवरचे डोके अडखळू लागले की असा आवाज येतो, आणि अशा तबकडीला पुढची तारीख नसते. तेव्हा नवे काय घ्यायचे हा विचार बाजूला ठेवून आधी तिच्या सगळ्या मजकुराची प्रत काढायला बसलो. कॉलेजातल्या एका बाहेरच्या डिस्कवर ती प्रत उतरवायला दुपारचे चार तास लागले. ध्वनिमुद्रणाच्या ५८ फायली होत्या. त्यांतल्या ५६ आल्या. दोन काही केल्या वाचता येईनात. त्या दोन कोणत्या, हे तिने वही काढून पाहिले, आणि काही न बोलता वही मिटली.

पुढचे सोपे होते. तिच्या लॅपटॉपात जुनी डिस्क जिथे होती, तिथेच बसेल अशी अडीच इंची साटा एसएसडी आम्ही घेतली, आणि प्रबंधिका वेळेवर गेली. त्या एनव्हीएमई पट्टीचे काय झाले? आमच्याकडे भौतिकशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक आहेत. त्यांच्या नव्या लॅपटॉपात एक खोबण रिकामी होती आणि ती नेमकी तीच भाषा बोलणारी. त्यांनी पट्टी घेतल्या भावाने घेतली आणि आता तिचे गुण गातात. एका घरी जी मुकी ठरली, ती दुसऱ्या घरी बोलकी झाली. त्यात तिची तिथेही चूक नव्हती आणि इथेही विशेष मोठेपणा नव्हता.

म्हणून माझे वाचकांना एवढेच सांगणे आहे, की 'सर्वांत चांगली एसएसडी कोणती?' हा प्रश्न विचारूच नये. 'माझ्या लॅपटॉपाला कोणती चालेल?' हा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर बाजारात नव्हे, घरात शोधावे. लॅपटॉप उलटा केला की पोटावर बारीक अक्षरांत मॉडेलचा पूर्ण क्रमांक असतो. 'अमुक कंपनीचा पंधरा इंची' एवढ्यावर भागत नाही. एकाच नावाखाली दरवर्षी आतली रचना बदललेली असते. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून तिथली दुरुस्ती-पुस्तिका उतरवून घ्या. तिच्यात साठवणीचे एक प्रकरण असते. किती जागा, कोणत्या आकाराच्या, कोणती भाषा बोलणाऱ्या, हे तिथे लिहिलेले असते. किंग्स्टनसारख्या काही उत्पादकांनी आपल्या संकेतस्थळांवर मॉडेल घातले की चालणाऱ्या एसएसडींची यादी मिळण्याची सोयही केली आहे. एवढे वाचायला अर्धा तास लागतो. पंचांग पाहायला आपण याहून जास्त वेळ देतो.

त्या पुस्तिकेत काय पाहायचे ते क्रमाने सांगते.

पहिले, बदलण्याजोगे काही आहे की नाही. काही स्वस्त, लहान लॅपटॉपांत 'ईएमएमसी' नावाची साठवण मदरबोर्डवर सोल्डर करूनच बसवलेली असते. अ‍ॅपलच्या अलीकडच्या मॅकबुकांतही साठवण अशी आपल्याला काढता-घालता येत नाही. तिथे खरेदीचा प्रश्नच मिटला.

दुसरे, आकार. जुनी डबी असेल तर ती अडीच इंची. तिची जाडी बहुधा ७ मिलिमीटर असते, काही जुन्या यंत्रांत ९.५ ची जागा असते. पातळ डबी जाड जागेत थोड्या भरणीने बसते, पण जाड डबी पातळ जागेत बसत नाही. पट्टी असेल तर तिच्या नावापुढे २२८०, २२४२ किंवा २२३० असे आकडे दिसतील. यात गूढ काही नाही. पहिले दोन अंक रुंदीचे, उरलेले लांबीचे, दोन्ही मिलिमीटरांत. म्हणजे २२८० ही २२ मिलिमीटर रुंद नि ८० मिलिमीटर लांब. २२४२ च्या जागेत २२८० घेऊन गेलात तर ती खोबणीत शिरेल, पण दुसऱ्या टोकाचा स्क्रू लागायची जागा तिला कुठली? शिवाय लॅपटॉप पातळ असेल तर उष्णता घालवण्यासाठी वर धातूचे जाड कवच लावलेली पट्टी घेऊ नका. झाकण बसणार नाही.

तिसरे, भाषा. हीच खरी महत्त्वाची. पट्टीच्या सोनेरी दातांमध्ये खाच असते. साधारणपणे एनव्हीएमई पट्टीला एक खाच असते आणि साटा पट्टीला दोन. पण नुसत्या खाचेवर विसंबू नका. दोन खाचांची साटा पट्टी एनव्हीएमईच्या खोबणीतही शिरते, आणि आमच्या विद्यार्थिनीची एका खाचेची पट्टी साटाच्या खोबणीत शिरलीच की! बसली म्हणजे जुळली असे नव्हे. काही लॅपटॉपांच्या खोबणीला दोन्ही भाषा येतात. तसे असेल तर पुस्तिका स्पष्ट सांगते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक एम.२ खोबण साठवणीसाठी असते असेही नाही. वायफायचे कार्ड अशाच एका खोबणीत बसलेले असते.

चौथा मुद्दा वेगाचा. जाहिरातींत ज्याचा सर्वांत मोठा गवगवा असतो, त्याला मी मुद्दामच चौथ्या नंबरावर ठेवले आहे. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते. एनव्हीएमईच्या तिसऱ्या पिढीतल्या, म्हणजे 'जेन थ्री', चांगल्या पट्ट्या सुमारे ३५०० आणि चौथ्या पिढीतल्या ७००० पर्यंत जातात. एनव्हीएमईची पहिली नियमावली २०११ साली निघाली, ती खास अशा चपळ साठवणीसाठीच. साटाची जुनी पद्धत तबकडीच्या काळातली: एक रांग, आणि रांगेत एका वेळी ३२ कामे. एनव्हीएमईत ६४ हजारांहून अधिक रांगांची सोय आहे. रेशनच्या दुकानातल्या एका खिडकीऐवजी गल्लीभर खिडक्या उघडाव्यात तसे.

पण गल्लीभर खिडक्या उघडून उपयोग केव्हा? गिऱ्हाईक तेवढे असेल तेव्हा. आपल्या घरात पत्रे लिहिणे, बँकेचे काम, मुलांचे अभ्यास, नि रात्री एखादा चित्रपट. या कामांत तबकडीवरून एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो तो जमीन-अस्मानाचा असतो. साटा एसएसडीवरून एनव्हीएमईवर जाताना जाणवणारा फरक पुष्कळ लहान असतो. तेव्हा तुमच्या लॅपटॉपाला फक्त साटाच कळत असेल, तर हळहळू नका. चौथ्या पिढीची पट्टी तिसऱ्या पिढीच्या खोबणीत चालते, पण चालते तिसऱ्या पिढीच्या वेगाने. तेव्हा दोहोंच्या भावांत फरक असेल, तर तो कशासाठी द्यायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

पाचवे, किती मोठी घ्यावी? इथे मराठी माणसाला एक दिलासा देते. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पाच लाख चिन्हांचा जाडजूड प्रबंध लिहिलात, तरी नुसत्या मजकुराचे दीड मेगाबाइटच होतात. मोबाइलवर काढलेला मोदकांचा एक फोटो याहून मोठा भरतो. तेव्हा जागा खातात ती आपली अक्षरे नव्हेत, तर लग्नामुंजींची चलच्चित्रे. सध्या लॅपटॉपात किती भरले आहे ते पाहा, आणि त्याच्या दुपटीची एसएसडी घ्या. बहुतेक घरांना ५०० जीबी पुरते. आणि बसवल्यावर विंडोज ५०० ऐवजी ४६५ दाखवील, तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. तो हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. वाण्याचे माप नि घरचे माप वेगळे असावे, त्यातला प्रकार.

सहावे, टिकाऊपणा. खोक्यावर 'टीबीडब्ल्यू' असा आकडा असतो. एकूण किती लिखाण सोसण्याची हमी आहे, ते त्यावरून कळते. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला ३०० टेराबाइटच्या आसपास हमी मिळते. रोज २० जीबी लिहिले तरी तेवढे संपायला एक्केचाळीस वर्षे लागतील. तोपर्यंत लॅपटॉप नि आपण, दोघेही निवृत्त झालेले असू. तरी एका कप्प्यात तीन बिट ठेवणारा 'टीएलसी' प्रकार आणि चार बिट कोंबणारा 'क्यूएलसी' प्रकार यांत निवड असेल, तर टीएलसी अधिक टिकाऊ समजावा. पाच वर्षांची हमी तीन वर्षांच्या हमीहून बरी. आणि कोणी दोन हजार रुपयांत १६ टेराबाइटची एसएसडी देऊ केली, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

एवढे झाले की मुंबईकरांनी खुशाल लॅमिंग्टन रोड गाठावा आणि इतरांनी आपापल्या गावची गल्ली. दुकानदाराला 'एम डॉट टू द्या' असे मोघम न म्हणता 'एम डॉट टू, २२८०, साटा, ५०० जीबी' असे चारही शब्द सांगावेत, आणि पुडा फोडण्यापूर्वी त्यावर तेच चार शब्द छापलेले आहेत की नाहीत ते वाचावे.

बसवण्यापूर्वीची दोन कामे मात्र कधी चुकवू नयेत. एक म्हणजे सर्व मजकुराची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढणे, आणि ती उघडते की नाही तेही पाहणे. दुसरे म्हणजे विंडोजचे 'बिटलॉकर' कुलूप चालू आहे का ते तपासणे. असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली लिहून ठेवावी, नाहीतर ऐन वेळी यंत्र ती मागते आणि घरातले सगळे एकमेकांची तोंडे पाहतात. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या एसएसडीवर उतरवता येते, किंवा विंडोज कोऱ्याने बसवून फक्त आपला मजकूर परत आणता येतो. पोट उघडण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आतल्या बॅटरीची जोडणी सोडवावी. धीर होत नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

आणि केव्हा करू नये, तेही सांगितले पाहिजे. बॅटरी फुगली आहे, बिजागऱ्या तुटल्या आहेत, पडद्यावर रेघा आल्या आहेत, अशा लॅपटॉपावर हा खर्च करू नये. रॅम चारच जीबी असेल तर तीही वाढवता येते का ते आधी पाहावे. नुसत्या एसएसडीने अर्धेच समाधान मिळेल. शिवाय विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, सोबत टीपीएम २.० लागते. आमच्या विद्यार्थिनीचा २०१८ चा लॅपटॉप त्या रेषेच्या अलीकडे बसला. तुमचा पलीकडे असेल, तर लिनक्ससारखी दुसरी मोफत प्रणाली चालवण्याची तयारी आहे का, हे खर्चाआधी घरात बोलून घ्यावे.

जुन्या डिस्कचे काय करायचे, हे पत्राने विचारणारे वाचक निघतीलच, म्हणून आधीच सांगते. डिस्क धडधाकट असेल तर अडीच इंची डिस्कसाठी मिळणाऱ्या यूएसबी डबीत ती घालावी आणि मजकुराची दुसरी प्रत म्हणून वापरावी. एकुलती एक प्रत म्हणून मात्र तिच्यावर भरवसा ठेवू नये. एसएसडीवरही ठेवू नये. वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली, तर तिच्या कप्प्यांतला भार हळूहळू निसटतो. ज्या मजकुरावाचून घराचे अडेल किंवा मन अडेल, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी हव्यात, आणि वर्षातून एकदा त्या उघडून पाहायला हव्यात. देवघरातली भांडी आपण दिवाळीला घासतोच. त्याच दिवशी हेही काम उरकावे.

या दिवाळीत तुमच्या घरच्या दुसऱ्या यादीत लॅपटॉप असेल, तर नव्याच्या किमतीवरून वाद घालण्यापूर्वी त्याला एकदा उलटा करा आणि पोटावरचा क्रमांक टिपून घ्या. अर्ध्या तासाच्या वाचनाने कदाचित चाळीस हजारांची बचत होईल, आणि निदान तीन-चार हजार वाया जाणार नाहीत. उरलेल्या पैशांत मुलांना पुस्तके घ्या. वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.